अकॉर्डियनच्या रीड्स दुरुस्त केल्या, पण वाद्यात बसवल्यावर सूर उतरतात

सुरेल_पेटी

बाबांचा अकॉर्डियन बारा वर्षं पेटाऱ्यात पडून होता. ४१ पट्ट्या, डाव्या हाताला १२० बटणं, उजव्या हाताला रीड्सच्या (हवेने थरथरून वाजणाऱ्या धातूच्या जिभांच्या) तीन ओळी: एक खर्जाची आणि दोन मध्य सप्तकाच्या. या दोन मधल्या ओळींपैकी एक मुद्दाम किंचित चढी लावलेली असते, आणि दोन्ही एकदम वाजल्या की सूर डोलायला लागतो. बाबा वाजवायचे तो डोल माझ्या कानात अजून आहे. म्हणून वाद्य दुसऱ्या कुणाकडे न देता मीच उघडलं.

मी पंधरा वर्षं हार्मोनियम दुरुस्त करते, सूर लावते. पेटीत पितळेची एक जीभ, पितळेच्याच प्लेटवर. इथे जीभ पोलादी, प्लेट अ‍ॅल्युमिनियमची, आणि एकेका प्लेटवर दोन जिभा: एक भाता उघडताना वाजणारी, दुसरी मिटताना. प्लेट स्क्रूने नाही, मेणाने लाकडी ब्लॉकवर बसवलेली. प्रत्येक जिभेच्या फटीवर, प्लेटच्या उलट्या बाजूला, चामड्याची पातळ झडप. हे सगळं नीट समजून घेऊनच हात घातला होता.

चढ्या ओळीचं मेण इतकं ठिसूळ झालं होतं की नखाने खपल्या निघत होत्या. त्या ओळीच्या सगळ्या प्लेट्स काढल्या, लाकूड साफ केलं, मधमाशीचं मेण आणि थोडी राळ वितळवून पुन्हा बसवल्या. वाळून वळलेल्या झडपा बदलल्या. काही जिभांवर गंज होता, तो कोरड्यानेच हलका खरवडून काढला. मग एका जुन्या पेटीच्या भात्यावर चौकट बसवून त्यावर ब्लॉक ठेवला आणि मोबाईलच्या ट्यूनरवर सूर लावले. मूळ, म्हणजे न चढवलेल्या मधल्या ओळीपेक्षा सगळीकडे १२ सेंट चढे (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), चूक फार तर १ सेंट. आतल्या जिभांपर्यंत पोचायला बाहेरच्या झडपा उचलून फटीतून खरवडलं.

वाद्यात बसवलं आणि सगळंच बिघडलं. अख्खी ओळ ३-४ सेंट उतरलेली. त्यातले अकरा सूर तर ७ ते १२ सेंट उतरलेले, आणि त्यातले बरेच फक्त भाता मिटताना. मधल्या सप्तकातली काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, हळू वाजवली तर बोलते, भाता जोरात दाबला की घुसमटून गप्प होते. डोल कुठे आळसावलेला, तर वरच्या पट्ट्यांवर इतका जलद की कानाला बोचतो. दोन दिवसांनी पुन्हा मोजलं तर आकडे आणखी बदललेले.

टोकाकडे खरवडून सूर चढवता येतील हे माहीत आहे. पण पोलाद परत लावता येत नाही आणि ही जीभ बाबांच्या वाद्यातली आहे. चूक मेणात आहे, झडपांत आहे, ट्यूनरमध्ये आहे की माझ्या हातात, हे कसं ओळखू?

कानसेन

ताई, डोलापुरतं सांगतो, कारण तिथे दुरुस्तीचा दोष नाही, हिशेबाचा आहे.

दोन रीड्स एकत्र वाजल्या की सेकंदाला जितके हेलकावे ऐकू येतात, तितकाच त्यांच्या कंपनसंख्येतला फरक असतो. सेंट हे प्रमाण आहे. पांढरी सहा ४४० ला (सेकंदाला ४४० कंपनं) असेल तर १२ सेंट म्हणजे साधारण ३ हेलकावे. तीच पांढरी सहा वरच्या सप्तकात, ८८० ला: तेच १२ सेंट, पण हेलकावे ६. खालच्या सप्तकात दीड. म्हणजे तुम्ही सगळीकडे १२ ठेवलेत, तेव्हाच वरचे सूर बोचणार आणि खालचे रेंगाळणार हे ठरून गेलं.

सेंट वर जाताना कमी करत न्यायचे. मी माझ्या वाद्यात २२० ला १८ सेंट, ४४० ला १४, ८८० ला १० आणि अगदी वरच्या १७६० ला ६ असे ठेवले आहेत. त्याने हेलकावे सव्वादोनापासून सुरू होऊन वर सहापर्यंत जातात, पण दुप्पट-चौपट उड्या मारत नाहीत. तुमच्या बाबांचा डोल याहून संथ असेल तर आकडे कमी करा, उतार मात्र असाच ठेवा.

दुसरं, मोजताना एकच रीड वाजते आहे याची खात्री करा. दोन मधल्या ओळी एकदम वाजत असतील तर ट्यूनर कधी हिचा आकडा दाखवतो, कधी तिचा, कधी मधलाच कुठला तरी. चढी ओळ एकटी वाजवायचं बटण बहुतेक वाद्यांत नसतंच. शेजारच्या ओळीच्या रीडवर कागदाची पातळ पट्टी अडकवून ती गप्प करा, मग मोजा. आणि मूळ ओळ ४४० वर आहे की ४४२ वर, ते आधी पाहा. जुन्या वाद्यांत दोन्ही सापडतात.

जुना_भाता

ताई, खरवडणी खाली ठेवलीत हे फार बरं केलंत. आता ती आठवडाभर उचलूच नका.

पेटीवाल्यांची एक सवय असते, माझीही होती: सूर हलला की जिभेकडे बघायचं. अकॉर्डियनमध्ये जीभ सगळ्यात शेवटी. आधी हवा कुठून जाते आणि कुठे अडते ते बघायचं. जीभ बरोबर असूनही हवेची वाट बदलली की सूर उतरतो, आणि तुम्ही त्या उतरलेल्या सुराला खरवडून वर आणलंत की पुढे झडप सुधारल्यावर तोच सूर चढा होतो. मग तो खाली आणायला मुळाशी खरवडायचं. अशा फेऱ्यांत जिभा पातळ होऊन मेलेल्या मी पाहिल्या आहेत.

तुम्ही दिलेली लक्षणं एकाच कारणाची नाहीत. वेगळी करून बघू.

अख्खी ओळ सारखी उतरली असेल तर एकेक रीडमध्ये शोधू नका. कारण ब्लॉकच्या तळाशी असतं. ब्लॉक घट्ट बसला आहे का, खालचं गास्केट (हवा निसटू न देणारा थर) सगळीकडे टेकतं आहे का हे बघा. आणि मुख्य म्हणजे रजिस्टरची सरकपट्टी, म्हणजे ब्लॉकखालची हवेची भोकं उघडझाप करून कोणती ओळ वाजायची ते ठरवणारी पट्टी. ती प्रत्येक भोकासमोरून पूर्ण बाजूला होते का? भोक थोडं जरी झाकलेलं राहिलं तरी ओळभर सूर मंद होतो आणि उतरतो. ब्लॉक काढून बटण दाबा आणि बॅटरीच्या उजेडात बघा. मेणाचं काम झाल्यावर तिथे मेणाचा थेंब पडलेला हमखास सापडतो.

तळाशी काही दोष नसला तरी चौकटीवरचा सूर आणि वाद्यातला सूर सारखे नसतातच. चौकटीवर रीड मोकळ्या हवेत बोलते. वाद्यात तिच्यापुढे पॅड (पट्टी दाबली की हवेच्या वाटेवरून उचललं जाणारं झाकण) असतं, त्याची उघडझाप ठराविक, वर जाळी. म्हणून मी वहीत प्रत्येक सुरासाठी दोन आकडे लिहितो: वाद्यातला आणि चौकटीवरचा. समजा पांढरी पाच वाद्यात ४ सेंट कमी आणि चौकटीवर १ सेंट कमी येते. फरक ३. मग चौकटीवर लावताना ती ३ सेंट वर ठेवायची, वाद्यात ती बरोबर येईल. हा फरक प्रत्येक सुराचा वेगळा निघतो, म्हणून सगळ्यांना एकच आकडा मिळवून भागत नाही.

आता ते अकरा सूर. प्रत्येक प्लेटवर ही चाचणी करा: ब्लॉक चौकटीवर ठेवून सूर वाजता ठेवा आणि प्लेटच्या कडेवर बोथट काडीने हलका दाब द्या. जिभेला हात लागू देऊ नका. दाबल्यावर सूर हलला, तर मेण धरलेलं नाही. वरून मेण गुळगुळीत दिसतं, पण ओतताना ते पुरेसं गरम नसलं की लाकडाला आणि प्लेटच्या धारेला चिकटत नाही, नुसतं टेकून राहतं. गरम पात्याने त्याच जागी पुन्हा वितळवा, नवं मेण थापू नका.

दाबून सूर हलला नाही तर झडपांकडे या. इथे भात्याची दिशा तुमची मदत करते. आतली जीभ, म्हणजे ब्लॉकच्या कप्प्यात असलेली, भाता उघडताना वाजते. तिची झडप बाहेरच्या बाजूला, तुमच्या डोळ्यांसमोर. भाता मिटताना बाहेरची जीभ वाजते आणि त्या वेळी ही बाहेरची झडप घट्ट मिटलेली असायला हवी. ती उघडी राहिली तर आतल्या जिभेच्या फटीतून हवा पळते. सूर उशिरा उठतो, फुसफुसतो आणि उतरतो.

तुम्ही लिहिलं आहे की बाहेरच्या झडपा उचलून आतल्या जिभा खरवडल्या, आणि बरेच सूर फक्त भाता मिटताना उतरतात. या दोन गोष्टी जोडून बघा. नव्या चामड्याला एकदा घडी पडली की ते पहिल्यासारखं सपाट बसत नाही. झडप दुमडायची नसते, टोकाला धरून लांबलचक कमानीत वाकवायची असते.

काळी तीनचं कारण सोपं आहे. जिभेचं टोक प्लेटच्या फार जवळ आलं आहे. गंज काढताना ती दबली असेल. हळू हवेत कंप पावते, जोराच्या हवेत फटीत ओढली जाऊन थांबते. टोक किंचित वर घ्या. अंदाज म्हणून टोक आणि प्लेट यांच्यात टोकाच्या जाडीइतकी फट ठेवतात. फार वर घेतलं तर उलटं होतं, हळू हवेत बोलतच नाही. फट बदलली की सूरही थोडा सरकतो, म्हणून हे काम ट्यूनिंगच्या आधी.

दोन दिवसांनी आकडे बदलले त्याची काळजी करू नका. खरवडताना पोलाद गरम होतं आणि गरम जीभ उतरते. ताजं मेण बसायला वेळ घेतं. आज खरवडलेला सूर उद्या सकाळी मोजायचा, तोच खरा. आणि मोजताना भात्याचा दाब मध्यम, दर वेळी तोच. जोर वाढला की रीड उतरते, खालच्या सुरांत तर डोळ्यांना दिसण्याइतकी.

खर्जप्रिया

जुना_भाता यांच्याशी एका बाबतीत माझं जमत नाही. झडपा उचलून फटीतून खरवडायचंच कशाला? मी बारीक आकडीने आतली जीभ फटीतून बाहेर ओढते, खाली पातळ पोलादी पात्याचा आधार देते आणि वरूनच खरवडते. झडपेला तरीही जपावं लागतं, पण काम डोळ्यांसमोर होतं.

आणि ताई, कानस वापरली असेल तर ती बाजूला ठेवा. टोकदार खरवडणीने जिभेच्या लांबीच्या दिशेनेच हलके ओरखडे. आडवा ओरखडा मुळाजवळ पडला तर तिथूनच पुढे तडा जातो.

जुना_भाता

आकडीची पद्धत बरोबर आहे, मोठ्या जिभांना मीही तीच वापरतो. लहान जिभा मात्र आकडीने ओढल्या की त्यांची फट बदलते. हार्मोनियमच्या पितळेवर हात बसलेल्या माणसाला पोलादाचा अंदाज यायला वेळ लागतो, म्हणून मी ताईंना ती सुचवली नाही. आडव्या ओरखड्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं.

सुरेल_पेटी

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा दिवस खरवडणीला हात लावला नाही.

सरकपट्टीखाली खरंच मेण होतं, वरच्या टोकाला, मसुराच्या डाळीएवढं. त्यामुळे पट्टी शेवटपर्यंत जात नव्हती आणि ४१ च्या ४१ भोकांची एकेक कड झाकलेली राहत होती. ते काढलं आणि जवळजवळ सगळी ओळ ३ सेंट वर आली. हे मला कळलं नसतं तर मी प्रत्येक पट्टीच्या दोन अशा ८२ जिभा खरवडल्या असत्या. रात्री हा विचार करून मला झोप लागली नाही.

अकरांपैकी तीन सूर प्लेट दाबल्यावर हलले. माझं मेण थंड पडत गेलं तेव्हा सगळ्यात शेवटी बसवलेल्या याच प्लेट्स होत्या, एकाच टोकाला, शेजारी शेजारी. गरम पात्याने पुन्हा वितळवल्यावर तिन्ही जागेवर आल्या.

सहा सुरांच्या बाहेरच्या झडपांना मुळाशी घडी पडली होती. भिंगातून बघितल्यावर दिसली, नुसत्या डोळ्यांना झडप मिटलेलीच वाटत होती. सहाही बदलल्या आणि भाता मिटतानाची फुसफुस गेली. काळी तीनचं टोक केसभर वर घेतलं, आता कितीही जोर लावला तरी बोलते.

राहिले दोन. एकाच्या फटीत मेणाचा कण होता. दुसरा खालच्या सप्तकातली पांढरी दोन, भाता उघडताना. त्याचं काही कळत नाही. मेण घट्ट, झडप सपाट, फट ठीक. पहिल्यांदा लावताना मी तो तीन वेळा वर आणला होता आणि तिन्ही वेळा तो परत उतरला. काल ९ सेंट खाली होता, आज १४.

जुना_भाता

तो सूर लावू नका. जो सूर काही न करता रोज खाली जातो, त्याची जीभ मुळाशी तडकलेली असते किंवा रिव्हेट (जीभ प्लेटला धरून ठेवणारा खिळा) सैल झालेलं असतं. नखाच्या टोकाने अगदी हलकी टिचकी द्या. चांगली जीभ टण् करून थोडा वेळ घुमते, ही बसक्या आवाजात लगेच थांबेल. मग भिंगातून रिव्हेटच्या कडेला बघा, आडवी केसासारखी रेघ शोधा.

रिव्हेट सैल असेल तर खाली पोलादी आधार देऊन एक बेताचा ठोका पुरतो. तडा असेल तर इलाज नाही, जीभ किंवा अख्खी प्लेट बदलायची. बदली प्लेट घेताना नुसता सूर जुळवू नका. जिभेची लांबी, रुंदी आणि फटीचा घट्टपणा शेजारच्या प्लेट्सशी जुळली पाहिजे, नाहीतर सूर बरोबर येऊनही तो एकटा वेगळ्या वाद्यातला वाटतो.

सुरेल_पेटी

तडा होता. रिव्हेटपासून सुरू होऊन जवळजवळ अर्ध्या रुंदीपर्यंत गेलेला. ज्या जागी मी गंज जास्त जोर लावून खरवडला होता, नेमका तिथेच, आणि खर्जप्रिया म्हणाल्या तसा आडवा. बाबांची एक जीभ माझ्या हातून गेली याचं वाईट वाटलं. ती प्लेट काढून एका डबीत ठेवली आहे, टाकवली नाही.

एका मोडीत निघालेल्या अकॉर्डियनमधून त्याच मापाची प्लेट मिळाली. दोन्ही जिभांची फट जुळवली, मेण या वेळी खूप गरम ठेवलं, एक दिवस थांबले. मग कानसेन यांच्या उतारानुसार, पण सगळीकडे २ सेंट कमी करून, पूर्ण ओळ पुन्हा तपासली. बाबांच्या एका जुन्या कॅसेटवर एकच लांब सूर आहे, त्यात हेलकावे मोजले होते: पांढरी सहावर सेकंदाला तीन. १४ ऐवजी १२ ठेवल्यावर बरोबर तीन येतात.

काही जिभा मात्र खरवडाव्या लागल्या. त्यातल्या बहुतेक वरच्या सप्तकातल्या, ज्या मी स्वतःच जास्त चढवल्या होत्या. त्या मुळाशी अगदी एक-दोन ओरखड्यांनी खाली आणल्या.

खर्जाच्या ओळीचं मेणही ठिसूळ आहे, तीही काढावी लागणार. या वेळी एकही प्लेट हलवण्याआधी प्रत्येक सूर वाद्यात मोजून लिहिते आहे, भाता उघडताना एक आकडा, मिटताना एक, दोन्ही मध्यम दाबाने. वहीची पहिली सोळा घरं भरून झाली आहेत. खालून चौथी पट्टी आत्ताच मिटताना ५ सेंट उतरलेली दिसते आहे, तिची झडप उद्या भिंगाखाली बघते.